थोडक्यात हरलेली मॅच कॉलेज फुटबॉल टीमला खरंच फायद्याची ठरते का?

शनिवारची_प्रेक्षक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. ओहायोतल्या कोलंबसला राहायला आले तेव्हा मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आधी नुसती गर्दी आणि आवाजाला वैतागायचे, मग नवऱ्याने नियम समजावले, आणि आता अशी अवस्था आहे की इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची मॅच असली की शनिवारी मला कुणी फोन केलेला चालत नाही.

तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही ऑरेगॉनला जाऊन ३२-३१ ने हरलो. एका पॉइंटने! शेवटी आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, विल हॉवर्ड बॉल घेऊन पळाला, खाली घसरला, आणि बघते तर घड्याळात शून्य. किक मारायला एक सेकंदही उरला नाही. त्या रात्री मी जेवले नाही, खोटं कशाला सांगू. आणि सोमवारी ऑफिसात एक जुना सहकारी, लहानपणापासून मॅचेस बघणारा, अगदी शांतपणे म्हणतो की बरं झालं, ही हार चांगली आहे, आत्ताच ठेच लागली ते उत्तम, आता पोरं जागी होतील. मला वाटलं मनाची समजूत घालतोय बिचारा.

मग नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगनने आम्हाला घरी येऊन १३-१० ने हरवलं. वीसेक पॉइंटने आम्ही जिंकणार असं सगळे म्हणत होते आणि आमचे दोन फील्ड गोल, म्हणजे किक मारून तीन पॉइंट मिळवायचे प्रयत्न, हुकले. तेव्हा हा गृहस्थ आठवडाभर गप्प. आणि मग जानेवारीत टीम नॅशनल चॅम्पियन झाली तर लगेच हजर, बघ, मी म्हणालो नव्हतो?

आता मला सांगा, नक्की कुठली हार उपयोगी पडली? एक पॉइंटवाली का तीन पॉइंटवाली? का दोन्ही? का शेवट गोड झाला की मधलं सगळंच चांगलं वाटायला लागतं? इथे जुनेजाणते बघणारे आहेत म्हणून विचारतेय. आणि हो, जिंकलेल्या टीमचेच किस्से नकोत, हरून पुढेही हरतच गेलेल्यांचे पण सांगा.

---

चौथा_डाऊन

ताई, प्रश्न झकास आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, होतो फायदा, पण एका अटीवर, हरल्यानंतर काय बदललं ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. "पोरं जागी झाली" याला मी बदल म्हणत नाही, पोरं झोपलेली नव्हतीच.

सगळ्यात चांगलं उदाहरण १९९६ चं फ्लोरिडा. ३० नोव्हेंबरला नंबर एकवर असलेली फ्लोरिडा टॅलाहासीला जाऊन फ्लोरिडा स्टेटशी २४-२१ ने हरली. त्यांचा क्वार्टरबॅक डॅनी वुर्फेल त्या दिवशी नुसता मार खात होता, सहा वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल टाकायच्या आत आडवा पाडला गेला, कोच स्टीव्ह स्परियर नंतर कित्येक दिवस आमच्या पोराला शिट्टी झाल्यावर मारतात म्हणून ओरडत होता. पण नुसतं ओरडून थांबला नाही. त्याची पद्धत म्हणजे क्वार्टरबॅक बॉल मागे देणाऱ्या सेंटरच्या अगदी मागे चिकटून उभा राहणार. महिन्याभराने शुगर बोलमध्ये, सीझनअखेरच्या ज्या मोठ्या मॅचेसना बोल म्हणतात त्यातल्या एकीत, त्याच फ्लोरिडा स्टेटशी पुन्हा गाठ पडली तेव्हा त्याने वुर्फेलला चार पाच यार्ड मागे शॉटगनमध्ये उभा केला. बॉल टाकायला पोराला ते जास्तीचं सेकंदभर मिळालं आणि मॅच ५२-२०. तीच दोन कॉलेजं, जवळजवळ तीच पोरं, आणि मध्ये फक्त एक महिना.

आता विचार करा, ती पहिली मॅच फ्लोरिडाने तीन पॉइंटने जिंकली असती तर स्परियरने हा बदल केला असता का? मला नाही वाटत. जिंकलेल्या मॅचचं फिल्म रविवारी बघताना सगळे हसत असतात, लाइनमधून निसटलेला माणूस दिसतो पण "चालतंय की" म्हणून पुढे जातात. थोडक्यात जिंकलं की चुका पांघरुणाखाली जातात आणि थोडक्यात हरलं की त्याच चुका डोळ्यात खुपतात. माझ्या मते सगळा फायदा तिथे आहे, हरण्यात नाही.

दुसरं २००८ चं फ्लोरिडा. घरच्या मैदानावर ओल मिसशी ३१-३० ने हरले, एक्स्ट्रा पॉइंटची एक किक अडवली गेली आणि शेवटी चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, एक यार्ड हवा असताना टिम टीबोला अडवला. नंतर त्याने पत्रकारांपुढे रडवेल्या आवाजात शब्द दिला की इथून पुढे माझ्याइतकी मेहनत घेणारा खेळाडू तुम्हाला दिसणार नाही. पुढच्या दहाच्या दहा मॅचेस जिंकले, चॅम्पियनशिपसकट. ते भाषण आता स्टेडियमबाहेर पाटीवर कोरून लावलंय.

---

गुणाकार_भागाकार

पाटी लागली कारण जिंकले. तसाच शब्द देऊन पुढच्या आठवड्यात आपटलेल्या पोरांच्या पाट्या कोण लावतंय?

ताईंनी हरतच गेलेले मागितलेत ना, हे घ्या. २००६, मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघंही ११-०, मिशिगन ४२-३९ ने हरली. तीन पॉइंटने, नंबर एकच्या टीमशी, त्यांच्याच मैदानावर, याहून "चांगली" हार कुठली शोधणार? मग रोज बोलमध्ये यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया) त्यांना ३२-१८ ने धुतलं, आणि पुढच्या सीझनच्या पहिल्याच मॅचला ॲपलाचियन स्टेट नावाच्या खालच्या गटातल्या टीमने त्यांच्या घरी येऊन ३४-३२ ने हरवलं. हा धडा शिकून आलेला संघ बरं का.

२०१३ चं अलाबामा घ्या. ऑबर्नशी २८-२८ बरोबरी, शेवटच्या सेकंदाला लांबचा फील्ड गोल मारायला गेले, तो तोकडा पडला आणि ऑबर्नच्या माणसाने बॉल पकडून अख्खं मैदान पळून टचडाऊन केला, म्हणजे सहा पॉइंट, ३४-२८. त्यानंतर शुगर बोलमध्ये ओक्लाहोमाने त्यांना ४५-३१ ने मारलं. तोच कोच निक सेबन, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की हा हरण्यातून शिकतो. मग त्या वर्षी शिकायला विसरला का?

मुळात झालंय काय की आपण शेवटून सुरुवात करतो. चॅम्पियन कोण ते आधी बघायचं, मग त्यांच्या सीझनमध्ये एखादी हार शोधायची आणि म्हणायचं इथे पोरं शिकली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. चांगल्या टीमही वर्षात एखादी मॅच हरतात, आणि चांगल्या असल्यामुळे हरल्या तरी थोडक्यात हरतात, आणि चांगल्या असल्यामुळेच नंतर जिंकतात! यात हरण्याने नवीन काय केलं?

आणि एका स्कोअरच्या फरकाने संपलेल्या मॅचमध्ये नशीब किती असतं ते पण बघा. फंबल झालेला, म्हणजे हातातून सुटलेला, बॉल कुणाच्या हातात जाईल हे जवळजवळ नाणेफेकीसारखं आहे. यंदा अशा चुरशीच्या सगळ्या मॅचेस जिंकणारी टीम पुढच्या वर्षी त्याच प्रमाणात जिंकेल याचा काही भरवसा नसतो. म्हणजे एका पॉइंटने हरलेल्या आणि एका पॉइंटने जिंकलेल्या टीममध्ये तसा फरकच नाही, फरक आपण नंतर गोष्ट रचून पाडतो.

यावर संशोधनही झालंय. २०११ साली बास्केटबॉलवर एक अभ्यास आला होता की हाफटाइमला एका पॉइंटने मागे असलेल्या टीमच जास्त जिंकतात, खूप गाजला. पुढे दुसऱ्या संशोधकांनी चार खेळांच्या ढिगाने मॅचेस घेऊन तपासलं, त्यात अमेरिकन फुटबॉलही होता, आणि फुटबॉलमध्ये तसलं काही सापडलं नाही. ते हाफटाइमचं आहे, अख्ख्या मॅचचं नाही, मान्य, पण "थोडं मागे पडलं की माणूस पेटून उठतो" ही कल्पना मूळ तीच ना.

---

कट्टेकरी_नंबर_दोन

थोडक्यात हरल्याने टीमचा फायदा होतो का माहीत नाही पण टीव्हीच्या रिमोटचं मात्र नुकसान होतं, आमच्याकडे दोन झालेत 😄

जोक्स अपार्ट, ताई तुमच्या प्रश्नाचं उत्तर २०२४ च्याच फायनलमध्ये आहे. समोर कोण होतं? नोत्र दाम. तेही सप्टेंबरमध्ये घरी नॉर्दर्न इलिनॉयशी १६-१४ ने हरलेले, म्हणजे ज्यांचं नाव पण कुणी घेत नाही अशा टीमशी. मग पुढच्याच आठवड्यात पर्ड्यूला ६६-७ आणि सलग तेरा मॅचेस जिंकून थेट फायनलला. दोन्हीकडे थोडक्यात हरलेलेच! आणि त्यातला एक परत हरलाच की, ३४-२३ ने. आता त्या हारीचा फायदा पुढच्या वर्षी होणार म्हणायचं का?

---

किकरचा_बाबा

मी सहसा नुसता वाचतो, पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. माझा मुलगा एका छोट्या कॉलेजात किकर होता, डिव्हिजन थ्री, म्हणजे जिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, पोरं हौसेने खेळतात आणि सोमवारी लॅबला जातात. टीव्हीवर नाही, हजारभर लोक बघायला असले तरी खूप.

त्याच्या तिसऱ्या वर्षी एक मॅच दोन पॉइंटने हरले. शेवटच्या काही सेकंदात ३८ यार्डाची किक, बॉल डावीकडून बाहेर. मी स्टँडमध्ये होतो. बायकोने माझा हात इतका घट्ट धरलेला की नंतर वळ दिसत होता. परतीचा चार तासांचा बसचा प्रवास, मुलगा सांगत होता की कुणी त्याला काही बोललं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

रविवारी फिल्म बघायला बसले. त्याला वाटलं आता ती किक दहा वेळा दाखवणार. कोचने ती दाखवलीच नाही. पहिल्या क्वार्टरपासून सुरू केलं, एक होल्डिंगची पेनल्टी, हातातून सुटलेला एक सोपा पास, पंट कव्हर करताना आपली जागा सोडलेला एक पोरगा, आणि प्रत्येक वेळी थांबून फक्त म्हणायचा, दोन पॉइंट. परत पुढे, परत थांबायचं, दोन पॉइंट. तासाभरात खोलीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला ते दोन पॉइंट आले. मुलगा म्हणाला बाबा, त्या दिवशी मला पहिल्यांदा श्वास आला.

किकचं फिल्म कोचने नंतर वेगळं, फक्त बॉल मागे टाकणारा स्नॅपर, तो धरून टेकवणारा होल्डर आणि माझा मुलगा अशा तिघांना दाखवलं. स्नॅप झाल्यापासून बॉलला पाय लागेपर्यंत साधारण सव्वा सेकंद लागायला हवा, यांचा जास्त लागत होता, होल्डर बॉल टेकवताना चाचपडत होता आणि मुलगा वाट बघत अर्धं पाऊल अडखळत होता. गंमत म्हणजे आधीच्या दोन जिंकलेल्या मॅचेसमध्ये पण तेच होत होतं! तेव्हा बॉल आत गेला म्हणून कुणी घड्याळ लावलं नाही. चौथा_डाऊन म्हणतात ते मला शंभर टक्के पटतं ते याच्यामुळे. मग रोज प्रॅक्टिस संपताना अख्खी टीम भोवती उभी राहून कोकलायची आणि हे तिघं किक मारायचे. ती दहा मिनिटं कोच कधी सोडायचा नाही.

पण गुणाकारसाहेब, तुमचंही खोटं नाही. पुढची मॅच दणक्यात जिंकले, त्याच्या पुढची तीन पॉइंटने हरले. त्यात मुलाच्या तिन्ही किक आत गेल्या होत्या. त्या दोन पॉइंटच्या हारीने टीम एक झाली का असं कुणी विचारलं तर मी म्हणेन झाली, दोन आठवडे. नंतर परीक्षा आल्या, दोघं दुखापतीने बसले, आणि जो तो आपापल्या कामाला लागला.

---

गुणाकार_भागाकार

@किकरचा_बाबा, काका, वाचून गलबललो. ते "दोन पॉइंट" ऐकून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. फायदा हारीचा नाही, त्या कोचचा. दुसरा कोणी असता तर त्याने किक दहा वेळा दाखवली असती, आणि मग तीच हार पोराला आयुष्यभर पुरली असती.

---

चौथा_डाऊन

बरोबर, आणि ओहायो स्टेटचं पण तसंच बघा. ऑरेगॉनच्या त्याच मॅचमध्ये क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमधला त्यांचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने सीझनमधून बाहेर गेला, हे ताईंचे सहकारी विसरले वाटतं. चांगली हार म्हणताना तिची किंमत कोणी मोजत नाही. मग बरीच जुळवाजुळव करून त्याच लाइनमध्ये गार्डच्या जागी खेळणारा डॉनोव्हन जॅक्सन तिथे आणला, आणि ती लाइन बसेपर्यंत वेळ गेला. मिशिगनविरुद्ध लाइनच्या मधूनच बॉल घेऊन पळत डोकं आपटत बसले तेही सगळ्यांनी पाहिलं. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीत, टेनेसीविरुद्ध बघा, पहिल्यापासून बॉल हवेत, पास झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथकडे, ४२-१७. आणि रोज बोलमध्ये ज्या ऑरेगॉनशी एका पॉइंटने हरले त्यांच्यावर ३४-० ची आघाडी घेतली, शेवटी ४१-२१. ताई विचारतात कुठली हार उपयोगी पडली, माझ्या मते मिशिगनची. ऑरेगॉनच्या हारीत "थोडक्यात गेलं" म्हणायला जागा होती, मिशिगनच्या हारीत ती नव्हती, त्यामुळे आपण खेळतोय ते चुकतंय हे मान्य करावंच लागलं.

पण खरी मेख वेगळीच आहे. शिकण्याचा उपयोग तेव्हाच जेव्हा पुढे खेळायला मिळतं. प्लेऑफच्या टीम निवडणाऱ्या कमिटीच्या शेवटच्या यादीत नोत्र दाम पाचवी आणि ओहायो स्टेट सहावी होती. एक वर्ष आधीपर्यंत प्लेऑफला चारच टीम जायच्या! म्हणजे जुना नियम असता तर फायनलला आलेल्या दोन्ही टीम घरी बसून मॅच बघत असत्या आणि त्यांच्या हारीला चांगली कोणी म्हटलं नसतं. २०२३ ला जॉर्जियाचं हेच झालं. सलग २९ मॅचेस जिंकलेली टीम अलाबामाशी २७-२४ ने हरली आणि पहिल्या नंबरवरून सहाव्यावर, बाहेर. मग ऑरेंज बोलमध्ये राग काढला फ्लोरिडा स्टेटवर, ६३-३, पण काय उपयोग.

आणि हरायचंच असेल तर महिना बघून हरा 😀 २०११ ला अलाबामा ५ नोव्हेंबरला एलएसयूशी (लुइझियाना स्टेट) ओव्हरटाइममध्ये ९-६ ने हरली, चार फील्ड गोल वाया घालवून. ओक्लाहोमा स्टेट त्यानंतर दोन आठवड्यांनी आयोवा स्टेटशी डबल ओव्हरटाइममध्ये ३७-३१ ने हरली. दोघांची एकेकच हार, दोन्ही थोडक्यात. पण एक हरली नंबर एकशी आणि लवकर, दुसरी हरली साध्या टीमशी आणि उशिरा. फायनलला अलाबामा गेली आणि एलएसयूला २१-० ने हरवलं, त्यात पाच फील्ड गोल मारले, नोव्हेंबरात चार वाया घालवणाऱ्यांनीच. ओक्लाहोमा स्टेटने काय शिकलं असेल ते शिकलं असेल, दाखवायला मैदान कुठे मिळालं?

---

कट्टेकरी_नंबर_दोन

आणि कधी कधी दुसराच कुणीतरी हरून आपलं भलं करतो. १९९३ ला फ्लोरिडा स्टेट नोत्र दामशी ३१-२४ ने हरली, संपलं सगळं असं वाटलं, आणि पुढच्या शनिवारी बॉस्टन कॉलेजने शेवटच्या किकवर नोत्र दामला ४१-३९ ने पाडलं. फ्लोरिडा स्टेट परत वर आणि ऑरेंज बोलमध्ये नेब्रास्काला १८-१६ ने हरवून चॅम्पियन. त्यात फ्लोरिडा स्टेटने काय शिकून केलं सांगा.

मात्र नेब्रास्काचं मला मानावं लागतं. ती १८-१६ ची हार, शेवटचा फील्ड गोल हुकलेला, आणि त्यांनी काय केलं तर सीझन नसताना व्यायामाला येणाऱ्या पोरांसमोर स्कोअरबोर्डवर १:१६ लावून ठेवलं, म्हणजे आघाडी घेतल्यावर जेवढा वेळ उरला होता आणि जो सांभाळता आला नाही तो. १९९४ ला १३-०, १९९५ ला १२-०. हे मात्र कावळा आणि फांदी नाही वाटत हो.

---

गुणाकार_भागाकार

नेब्रास्का त्याआधीही दरवर्षी नऊ दहा मॅचेस जिंकतच होती 🙂 पण १:१६ आवडलं, घेतो वहीत.

---

शनिवारची_प्रेक्षक

सगळ्यांचे आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. किकरचे बाबा, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला अशा कोचच्या हाताखाली एक सीझन तरी काढायला मिळायला हवा होता.

आज लंचला त्या सहकाऱ्याला गाठलं. फ्लोरिडाचं शॉटगन सांगितलं, चार टीमचा नियम असता तर आपण घरी बसलो असतो हे सांगितलं, सिमन्सचा गुडघा आठवून दिला. सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. मग मी विचारलं की आमच्या चर्चेत निघालं की खरा फायदा मिशिगनच्या हारीने झाला, तुला काय वाटतं? तर माणसाने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, ती मॅच झालीच नव्हती.